मनोहरने फुगवलेली पिशवी

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी कोर्टात निघायच्या गडबडीत होतो, एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची सुटलेली. ‘भाऊजी, ते गेले,’ एवढंच वहिनी अमरावतीहून बोलल्या. मागे माशांच्या टाक्यांतले पंप बुडबुडत होते... सकाळी पाणी बदलता बदलता तो खाली बसला, तो उठलाच नाही.

हा माझा शाळासोबती. हयातभर गणित शिकवलं आणि घरात किलिफिश पाळले. बोटाच्या पेराएवढा मासा, अंगावर मोरचुदाचा निळा, शेपटीला कुंकवाचा लाल. ही जात आटणाऱ्या डबक्यांतली. डबकं आटलं की मासे मरतात, अंडी चिखलात टिकतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. मनोहर तेच घरी करायचा. टाकीच्या तळाशी नारळाचा भुसा टाकायचा, मासे त्यात अंडी घालत. मग तो भुसा पिळून पिशवीत भरायचा, हवा हवी म्हणून तोंडाने पिशवी फुगवून गाठ मारायचा आणि वर पाण्यात सोडायची तारीख लिहायचा. एकदा त्याने मला भिंगातून अंडं दाखवलं. आत दोन डोळे होते, भोवती सोनेरी कडं, आणि ते माझ्यावरच रोखलेले. मी भिंग खाली ठेवलं. ‘भेला का?’ तो हसला. ‘तयार हायेत ते. आतून पाहून राहिले. पाण्यातही नाही फुटले, तर नळीनं फुंक माराची. माणसाचा श्वास लागला की निघतात.’ खरं सांगतो, मला ते काही बरं वाटलं नाही. असला कसला नाद, असं मी त्याला तोंडावर म्हणालो.

शेवटचा तो माझ्याकडे अकोल्याला आला, जेवणाच्या डब्यात एक पिशवी घेऊन. ‘एक तुह्याजवळ राहू दे. तारीख आली की अमरावतीले आणजो.’ मी चिडलो. ‘मी कावून आणू? तूच ये न्यायले.’ त्याने पिशवी पुन्हा हातात घेतली. गाठ सैल वाटली म्हणून सोडली, माझ्यासमोर पुन्हा फुगवली, आवळली. आठ दिवसांनी तो फोन आला.

तेराव्याला गेलो तर टाक्यांत एकही मासा नव्हता. म्हातारेच होते सगळे, त्यात सांभाळणारा गेला. पंप मात्र चालू, नुसतं पाणी उकळल्यासारखं. ‘बंद केले की घर लईच गप होते,’ वहिनी म्हणाल्या. मी बाकीच्या पिशव्या विचारल्या. ‘त्या भुशाच्या? तुळशीत टाकल्या न मी. कुंड्यायसाठीच तर आणत होते ते.’ माझं डोकं फिरलं. ‘वहिनी, अख्खी जात संपवली तुमी,’ असं बोलून गेलो. तेराव्याला आलेल्या माणसाने असं बोलावं... त्याची लाज अजून वाटते. त्यांना धीर यावा म्हणून मी सांगितलं, की एक पिशवी माझ्याकडे आहे, मनोहरने माझ्यासमोर तोंडाने फुगवलेली. त्या एकदम ताठ बसल्या.

‘म्हंजे त्यायचा श्वास हाय त्याच्यात?’

मी वकील, पण नुसती मान हलवली. ‘मंग ते गाठ सोडाची नाही,’ त्या म्हणाल्या.

गाठ सोडली तर मनोहरचा श्वास जाणार, न सोडली तर त्याचे मासे आतल्या आत मरणार. पाच आठवडे ती पिशवी माझ्या कपाटात होती. रोज सकाळी दार उघडून पाहायचो, हवा जाऊन बसली का. बसली नव्हती. शेवटी त्याने लिहिलेल्या तारखेला मी ती आणि एक भिंग घेऊन अमरावतीला गेलो. वहिनींनी पिशवीवरूनच भिंग धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘हे कोणाची वाट पाहून राहिले, भाऊजी?’

‘पाण्याची,’ मी म्हणालो.

त्यांनी परातीत टाकीतलं पाणी घेतलं. गाठ सोडली, आणि मी काही म्हणायच्या आत पिशवीचं तोंड स्वतःच्या तोंडाला लावून आतली सगळी हवा ओढून घेतली. प्लास्टिक भुशाला चिकटलं. श्वास तसाच धरून त्यांनी भुसा परातीत ओतला आणि हाताने नळी मागितली. मी टाकीजवळची नळी उचलून दिली. नळी पाण्यात बुडवून त्यांनी तो श्वास हळूहळू सोडला, संपेपर्यंत. मग आम्ही दोघं पंपांचा आवाज ऐकत बसलो. तासाभराने पाण्यात काहीतरी हललं. नुसते डोळे, जोडीजोडीने, बाकी अंग काचेसारखं. पाहता पाहता ते सगळे नळीच्या टोकाशी गोळा झाले. वहिनी परातीवर वाकून रडत होत्या, आणि मीही रडलो.

मासे आता मोठ्या टाकीत आहेत, निळा रंग यायला लागला आहे. ती रिकामी पिशवी वहिनींनी टाकीवरच्या खिळ्याला टांगून ठेवली होती. परवा गेलो तेव्हा ती फुगलेली होती आणि तिला गाठ मारलेली होती. आत भुसा नव्हता. तुम्ही फुगवली का, असं वहिनींना विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी चहा घेतला आणि निघालो.