नाव न फोडलेली मुळी

महायुद्धाच्या दिवसांत औषधशास्त्रात डॉक्टरेट करणारा एक जण मुंबईहून येऊन आष्ट्यात आमच्या शेजारी राहिला होता. बेडकाच्या काळजावर झाडपाल्याचा अर्क टाकून ते कसं चालतं ते बघायचा. काही विचारलं की आधी "थांबा, बघू" म्हणायचा. एका धनगर आजीनं दाखवलेल्या मुळीनं थांबत आलेलं काळीज पुन्हा उडायला लागलं, ते मीही पाहिलं. आता प्रबंध झाल्यातच जमा होता. तरी मुळीचं नाव त्यात छापू का, अशी आजीची परवानगी मागायला तो मला घेऊन गेला.

"न्हाई रं लेकरा. नाव फोडलं की मुळीचा गुण जातुया."

मला हसू आलं. तो तिच्या पाया पडला.

वाटेत मी म्हणालो, "आवं, छापा की! म्हातारीला कुठं वाचता येतंय?"

या वेळी तो थांबला नाही. "मला येतं ना," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन तो नवी मुळी शोधायला निघाला.