घासलेला पैसा

कॉलेजचं पहिलं सत्र संपत आलं, तरी वर्गात मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. मनीषनगरातल्या भाड्याच्या खोलीतून निघायचं, मागच्या बाकावर बसायचं, परत यायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. सगळ्यांचं असंच होतं की मलाच जमत नाही, हे घरी विचारणार तरी कुणाला?

इतिहासाच्या मॅडमनी जुन्या नाण्यांचं प्रदर्शन ठरवलं, तेव्हा मी बिचकतच सांगितलं की आमच्याकडे भोकाचा पैसा आहे. इंग्रज जायच्या आधीच्या चार-पाच वर्षांतला. युद्धामुळे धातू पुरेना, म्हणून मधोमध भोक ठेवून काढलेला. माझे आबा, म्हणजे आजोबा, तान्हे असताना तो त्यांच्या करदोड्यात ओवला होता. हे ऐकून सगळा वर्ग मागे वळला. मधल्या सुट्टीत दोघी माझ्याजवळ येऊन बसल्या. "आण ना, आपण मिळून त्याचं कार्ड लिहू," म्हणाल्या. त्या दिवशी मी डबा खायचाच विसरले. संध्याकाळी आईला फोनवर नव्या मैत्रिणींचं सांगितलं आणि पैसा मागवला.

आईनं पैसा एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवला. पुडी उघडली तर पैसा लखलखत होता. फोन केला.

"चिंच अन् राख लावून घासला," आई म्हणाली. "देवाचे भांडे घासतो तसा. इतक्या लोकायसमोर मळका काहून ठेवा?"

खरं सांगायचं तर मलाही तो तसा फार आवडला.

मॅडमनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "अगं, तो काळपटपणा म्हणजे मळ नव्हता. जुन्या नाण्यात तोच बघतात. आता हा नाही ठेवता येणार."

मागून एक जण ओरडला, "बे, हा तर काल बनल्यासारखा दिसून राहिला!" सगळे हसले. मीही हसले. त्या दोघी दुसऱ्या एकीच्या रुपयाचं कार्ड लिहायला गेल्या.

प्रदर्शनाच्या सकाळी आईचा फोन आला. "ठेवला का वं पैसा?"

"ठेवला."

"मंग फोटो पाठव. आबाले दाखवाचा हाय."

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी टेबलावर दोन नाण्यांच्या मधे पैसा ठेवला, पटकन फोटो काढला आणि पैसा परत उचलून घेतला.

"लय मस्त दिसून राहिला," आईचा लगेच फोन. "पण तुह्या मैत्रिणी काहून नाही दिसून राहिल्या?"

"त्यायनंच तर फोटो काढला," मी म्हणाले.