खुर्चीतल्या माणसाचं मत

गल्लीतल्या न्हाव्याला सगळे होयबा म्हणायचे, आणि तोंडावर म्हटलं तरी तो "बरोबर आहे" म्हणून मोकळा व्हायचा. खुर्चीत जो बसेल त्याचं मत तेच होयबाचं मत. पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर सरकारला शिव्या, दुसऱ्याबरोबर त्याच सरकारची आरती. आता ज्याच्या गळ्यावर वस्तरा ठेवलाय, त्याच्याशी वाद घालायचा तरी कसा? माणूस तावातावाने मान हलवायचा आणि नसती आफत यायची. धंद्याने शिकवलेली अक्कल होती ती. पोटात कपट नव्हतं बिचाऱ्याच्या.

पोटी मूलही नव्हतं. अनाथालयात पोरांचे केस कापायला तो अधूनमधून जायचा, फुकट. बाकीची पोरं कात्री बघून भोकाड पसरायची. एक तीन वर्षांची चिमुरडी मात्र त्याच्या तळहातावर गाल टेकवून चक्क झोपून जायची. तिला उठवायचं म्हटलं की होयबाच्या जिवावर यायचं. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, आणू या का तिला घरी?"

"आणू या," होयबा म्हणाला.

सगळी चौकशी पार पडली. आता मुख्य कचेरीतले कोणी साहेब घर बघून गेले की पोरगी यांची. बायकोने दुकानावरची खोली स्वतः रंगवली. गल्लीला मात्र पत्ता लागू दिला नाही, आणि आमच्या गल्लीत ते येरागबाळ्याचं काम नव्हे!

नेमकं त्याच आठवड्यात सिनेमातल्या एका बड्या नटीने परदेशातून मूल दत्तक घेतलं. झालं! दुकानात दुसरा विषयच नाही.

"का, इथली पोरं काय संपली होती?" बाकावरून पोस्टातले काका कडाडले.

"अहो काका, इथल्या पोराबरोबर फोटो काढला तर छापणार कोण?" किराणावाला म्हणाला. "हौस फिटली की जाईल ते पगारी आयांच्या गळ्यात."

सगळा बाक खो खो हसला. खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ तोंडभर फेस लावून बसले होते. ते नुसतं "हं" म्हणाले. वस्तऱ्याखाली माणूस आणखी काय म्हणणार? पण होयबाने त्या हुंकाराचा आपल्या परीने अर्थ लावला.

"बरोबर आहे साहेब. परकं ते परकंच. कितीही करा, रक्ताची माया थोडीच येणार?" बाकाने माना डोलावल्या, तसा तो आणखी रंगात आला. "पोर म्हणजे काय कुत्र्याचं पिल्लू आहे, आवडलं की उचलून आणायला?"

गृहस्थांनी दाढी पुरी होऊ दिली, तोंड पुसलं, पैसे दिले. मग म्हणाले, "दुकानाचे मालक तुम्हीच ना? तुमच्याकडेच आलोय, अनाथालयाच्या कचेरीतून. लवकर पोचलो, म्हटलं दाढी उरकून घ्यावी."

होयबाने वस्तरा न पुसताच मिटला आणि साहेबांना जिना दाखवला. बाकावर काका अजून नटीचीच उणीदुणी काढत होते.

वरच्या खोलीत साहेबांनी सगळं नीट पाहिलं. बायको आनंदाने बोलत राहिली, बोलतच राहिली. चहा अर्धा ठेवून साहेब उठले, तसा होयबा जिन्यात त्यांच्या मागे धावला.

"साहेब, ते माझं मत नव्हतं हो! तुमचं असेल असं वाटलं मला."

साहेब थांबले. माणूस वाईट नव्हता. "उद्या हा बाक तिच्यादेखत असंच बोलेल. तेव्हा तुम्ही काय म्हणाल?"

होयबाने साहेबांचा चेहरा निरखला. समोरच्याला काय ऐकायचंय, ते त्याला पहिल्यांदाच उमगेना.

नकार आला. पोरगी दुसऱ्या कुणाकडे जाणार होती. खुर्चीत काय घडलं ते त्याने मान खाली घालून बायकोला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "एक खरं सांगा. मी आणू या म्हटलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात. ते मनापासून होतं, की मलाही गिऱ्हाईकच समजलात?"

"अगं, मनापासून! आईशपथ मनापासून!"

तिने डोळे पुसले.

"तुम्ही हेच म्हणणार," ती म्हणाली. "मला हेच ऐकायचं होतं ना."