नवव्या गाण्यापुरती शांतता

माझा पहिला अल्बम मी आमच्या मागच्या खोलीत केला, आणि हे वाक्य लिहिताना आजही अंगावर मूठभर मांस चढतं. अल्बम! आचरा गावच्या माडांत, आईच्या कोकम-सोलांच्या बरण्या आणि चुलत्यांची जुनी जाळी यांच्या मधोमध बसून केलेला सिंथ-पॉपचा अल्बम! सिंथ-पॉप म्हणजे काय, असं विचारणारे गावात बरेच भेटले. मी सांगायचो, यंत्रातून निघणारे चमचमते सूर, खाली छाती धडधडेल असा ठोका आणि वर सहज तोंडात बसेल अशी चाल. "म्हणजे गणपतीतलो डीजे?" आई विचारायची. डीजे नव्हे गो आये, असं मी दरवेळी सांगायचो आणि तिला ते कधीच पटायचं नाही.

सिंथ, म्हणजे पट्ट्यांचं ते विजेवरचं वाद्य, आला गोव्याहून. लग्नांत वाजवणाऱ्या एका बँडवाल्याने बोटं दुखतात म्हणून वाजवणं सोडलं, त्याच्याकडून मी तो जुनाच घेतला. बसमध्ये मांडीवर आडवा धरून आणला, तेव्हा कंडक्टरने विचारलं, याचं अर्धं तिकीट फाडू का? त्या दिवशी मी इतका खूश होतो की पूर्णसुद्धा काढलं असतं.

आठवडाभर मी कणकवलीत लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर उघडून बसतो. संध्याकाळी घरी यावं तर वाडीत घरोघरी टीव्ही लागलेले. त्यामुळे संगीताचा वार एकच, रविवार. वाद्यांचं सोपं होतं, ती हेडफोन लावून मुकाट वाजवता यायची. पंचाईत व्हायची गाताना. माइक उघडला की सगळी वाडी आत शिरायची. शेजारच्या काकीचा माडांना पाणी लावायचा पंप, तिचाच वाटणाचा मिक्सर, पलीकडच्या आजोबांचा रेडिओ आणि आमचा कोंबडा, ज्याला पहाट आणि दुपार यांतला फरक आजतागायत कळलेला नाही.

यावर तोडगा काढला आईने. मी गायला बसलो की ती अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर लाल टॉवेल टाकायची. टॉवेल दिसला की काकी पंप आणि मिक्सर बंद करायची, आजोबा रेडिओचा कान पिळायचे, आई कोंबड्यावर टोपली घालायची. मग मी डोक्यावरून गोधडी ओढून माइकसमोर बसायचो. गोधडी आवाज घुमू नये म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत असे. घामाच्या धारा लागायच्या. एक ओळ, दोन ओळी, की झालं. टॉवेल उतरला की पंप पुन्हा घरघरायचा. वर्षभर हे असं चाललं आणि कुणी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

अशी आठ गाणी झाली. त्या आठही गाण्यांत माझा आवाज यंत्रातून गाळून काढलेला आहे, थोडा रोबोसारखा. लोकांना ती शैली वाटते, वाटू दे. खरं कारण असं की मला माझा आवाज कुणी ऐकलेला सोसत नाही. देवळातल्या भजनात मी लहानपणापासून झांज वाजवतो आणि नुसते ओठ हलवतो. पण नववं गाणं वेगळं होतं. ते मी मोकळ्या आवाजात गायचं ठरवलं होतं, गाळणी न लावता. गाणं साधंच. दिवसभर बाहेर असलेल्या माणसाला परतताना लांबून आपल्या घराचा दिवा ओळखू येतो, एवढंच त्यात आहे. पण त्या एका गाण्यासाठी मी बाकीची आठ केली होती, असं मला आतून वाटायचं. शुक्रवारी अल्बम बाहेर येणार होता, त्यासाठी त्याआधीच्या सोमवारी सकाळी सगळी गाणी इंटरनेटवर चढवणाऱ्यांकडे पाठवायची होती आणि हातात उरला होता एकच रविवार. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं.

आणि त्याच्या आदल्या दिवशी मी अक्कल पाजळली. अल्बमचं मुखपृष्ठ तयार झालं होतं. आनंद पोटात मावेना, म्हणून ते मी वाडीच्या ग्रुपवर टाकलं. चित्राखाली ऐटीत लिहिलं होतं, 'शब्द, चाल, वाद्यं, आवाज, रेकॉर्डिंग: सगळं एकट्याने.' मी ज्या जगात हे शिकलो, म्हणजे इंटरनेटवर, तिथे हे वाक्य छातीवर बिल्ल्यासारखं मिरवतात. मी अंगठ्यांची वाट पाहत बसलो. एकही अंगठा आला नाही. माणसं कामात असतील, असं म्हणून मी झोपलो.

रविवारी दहाच्या सुमाराला मी लाल टॉवेल दोरीवर टाकला. आई नारळ खवत होती, ती उठली नाही म्हणून स्वतःच टाकला. पंप बंद होण्याऐवजी चालू झाला. पाठोपाठ मिक्सर लागला. आजोबांच्या रेडिओवर शेतीविषयक सल्ला सुरू होता, तो एकदम खणखणीत झाला. कोंबडा कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून मोकळा आरवत होता. मी धावत काकीच्या अंगणात गेलो.

"काकी, टॉवेल दिसलो नाय काय?"

"दिसलो तर!" काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तू सगळा एकट्यान केलंस मां? मगे आता एकट्यान आमका गप कर!"

मी मागे वळून आमच्या अंगणात बसलेल्या आईकडे पाहिलं. "आये, तू तरी सांग गो."

"मी काय सांगू?" आईने खवणीवरून मानसुद्धा वर केली नाही. "माझो तरी वाटो खंय आसा तेच्यात?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे किनाऱ्यावरून रापण ओढतात. समुद्रात लांबवर टाकलेलं मोठं जाळं दोन्ही बाजूंनी दोर धरून वाळूवर आणायचं. त्या दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो वाटेने जाणारा पाहुणा का असेना. मूठभर का होईना, मासळी त्याच्या हातावर पडते. रापण मी एकट्याने ओढली, असं आमच्या किनाऱ्यावर वेडासुद्धा म्हणणार नाही. मी ते लिहून, वर चित्र लावून, घरोघर पाठवलं होतं.

"चुकलंच," मी म्हणालो. "आत्ता बदलतंय. सगळ्यांची नावां घालतंय."

"नाव घेवन काय चाटूचा आसा?" काकी म्हणाली. "रापणीत वाट्याक नाव येता काय? म्हावरा येता. आमका गाणा होया."

"मगे आठ गाणी आसत मां. मोबाईलार लावतंय."

"तो मशीनचो आवाज. माका तुझो होयो. आमी गप बसतंव, तू म्हणशीत तितको वेळ बसतंव. पण तुझ्या खोलयेत बसान."

माझी पाचावर धारण बसली. पंप, मिक्सर, कोंबडा सगळं परवडलं असतं. मी म्हणालो, खोली लहान आहे. काकी म्हणाली, आम्ही चिकटून बसू. मी म्हणालो, उकडतं. ती म्हणाली, आम्ही काय महाबळेश्वरहून आलोय? तोवर आजोबा येऊन उभे राहिले होते. ते एके काळी रापणीचे तांडेल, म्हणजे सगळ्या ओढणाऱ्यांचे म्होरके. त्यांनी रेडिओतले सेल काढून खिशात टाकले आणि मला सांगितलं, "माणसांक गप करूचा माझ्यार सोड."

आणि खरंच सोडावं लागलं. पाच-दहा मिनिटांत अख्खी वाडी माझ्या खोलीत होती. कुणी जाळ्यांवर, कुणी पोत्यावर, आई बरण्यांना टेकून. पंप थांबला होता. कोंबडा टोपलीखाली गेला होता. मी सवयीने गोधडी डोक्यावरून ओढली, तर काकीने ती टोकाला धरून खेचून घेतली. "तोंड दिसूक होया," ती म्हणाली. गोधडी कशासाठी होती ते तिने केव्हाच ओळखलं असावं.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. हेडफोनमध्ये ठोका आला, सूर आले, मी तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीला आवाज फाटला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आजोबांनी नुसतं वळून पाहिलं, तेवढ्याने ते हसू मेलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जाळा अडाकला काय रे? सोडव आणि परत टाक."

दुसऱ्यांदा सुरुवात करताना माझ्या लक्षात आलं, की संगीत फक्त माझ्या कानात आहे. चमचमते सूर, ठोका, वर्षभर घासूनपुसून बसवलेलं सगळं माझ्या हेडफोनमध्येच राहणार. या माणसांना ऐकू जाणार तो फक्त माझा आवाज, उघडावाघडा. आता थांबणं शक्य नव्हतं, ओळ आली होती. मी गायलो. पहिलं कडवं थरथरत गेलं. दुसऱ्या कडव्यात आईने खवलेल्या खोबऱ्याचे हात पुसायला पदर हातात घेतला आणि पुसायचं तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग काय झालं कुणास ठाऊक, छातीतून आवाज असा सुटला की मलाच नवल वाटलं. हा माझा? इतके दिवस होता कुठे? मला हसू येत होतं आणि मी गात होतो, आणि गाण्यातही ते हसू उतरलं आहे. अल्बमवर आहे तो हाच टेक. एक अक्षर मी बदललेलं नाही.

शेवटची ओळ संपली, तरी हेडफोनमधला शेवटचा सूर विरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवायचं होतं. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, तरी सगळे माझ्या हाताकडे बघत श्वास रोखून बसले. सूर पार विझला. मी हात खाली घेतला.

"झाला?" काकीने विचारलं.

"झाला. बरा झाला, काकी! खूपच बरा झाला!" मी ओरडलोच.

कुणी उठेना. आजोबा म्हणाले, "मगे परत म्हण."

"कित्याक? रेकॉर्ड झाला मां."

"ता तुझ्या मशिनीक म्हटलंस," ते म्हणाले. "आता आमका म्हण."

मी हेडफोन काढून ठेवले, कॉम्प्युटर बंद केला आणि त्यांच्याकडे तोंड करून पहिल्या ओळीपासून गायला लागलो.