सुभेदारांना न पटलेलं पुस्तक

एक पुस्तक तिघांनी मिळून वाचलं की पुस्तकापेक्षा वाचणाऱ्यांच्याच गोष्टी जास्त साठतात. मी साताऱ्यातली निवृत्त शिक्षिका. शेजारी सुभेदार, फौजेतून निवृत्त. तिसरे अण्णा, कुंडलचे ऊसवाले शेतकरी; साताऱ्याला मुलीकडे आले की सुभेदारांच्या घरी आमच्यात बसायचे. पुस्तक त्यांनीच आणलं. सगळं बाजारावर सोडा, सरकारनं कशात हात घालू नये, असा त्याचा सूर. मला निम्मं पटायचं, निम्मं नाही.

सरकारला कुठलंच काम धड जमत नाही, असं लेखकानं सुरुवातीलाच म्हटलं होतं. सुभेदारांनी चष्मा काढला. "मग बॉर्डरवर कोण हुबं हुतं? किराणा दुकानदार?"

त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही.

अण्णा मात्र प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे. मग पिकाला सरकारनं भाव बांधून देऊ नये, असं एक पान आलं. अण्णांनी ते पुन्हा वाचलं, शांतपणे उलटलं आणि म्हणाले, "बाई, हे पान लेखकानं घाईत लिव्हलंय."

स्पर्धा असली की माल सुधारतो, हे सुभेदारांच्या बायकोनं, आमच्या काकींनी, स्वयंपाकघरातून ऐकलं. त्या बाहेर आल्या. "मग उद्यापासनं चा अण्णांच्या लेकीकडं घ्या. हुंद्या स्पर्धा."

स्पर्धेचं प्रकरण सुभेदारांनी तातडीनं संपवलं.

खरं भांडण पुढंच झालं. माणूस फायद्याशिवाय काही करत नाही, असं पुस्तकात आलं. फौजेत माझ्या हाताखालची पोरं फायद्यासाठी नव्हती आली, असं सुभेदार म्हणाले. पगार तर घेत होती, असं अण्णा बोलून गेले. सुभेदार उठून आत गेले. अण्णाही पुस्तक उचलून कुंडलला निघून गेले. मला फार लागलं ते. या वयात नवी माणसं कुठून जोडायची?

पुढं अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. मी एसटीनं कुंडल गाठलं. अण्णा घराच्या पुढच्या सोप्यात काळा चष्मा लावून, डोळे मिटून पडले होते. उशाशी चक्क सुभेदार! डॉक्टरांनी अण्णांना वाचायला बंदी केली होती, म्हणून ते त्यांना तेच पुस्तक वाचून दाखवत होते.

"म्हणून सरकारनं शेतकऱ्याला, फौजेला आणि एसटीला कधीच वाऱ्यावर सोडू नये," सुभेदारांचा खणखणीत आवाज.

मी दारातच थबकले. पुस्तक त्यांच्या मांडीवर मिटलेलं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"वाचा की पुढं," अण्णा तसेच पडून म्हणाले. "शेवटाला लेखक लय सुधारला, सुभेदार."