हात न लावता

मैदानावर फक्कीच्या रेषा मारल्या की तिच्या कोरड्या वासानं मला नेटबॉलच्या मैदानावरच झालेला एक सत्कार आठवतो. आमच्या कोल्हापुरात नेटबॉल खेळून मोठ्या झालेल्या बाई देशाच्या संघाच्या प्रशिक्षक झाल्या होत्या, आणि त्यांचा एकही सामना न पाहिलेले पुढारी त्यांच्या जिद्दीवर बोलत होते. तेवढ्यात मुरगूडचा एक पैलवान, बाईंकडे शिकणाऱ्या आपल्या मुलीचा खेळ बंद करायला आला. “धक्का न्हाय, पकड न्हाय, ह्यो कसला खेळ? चल घरी!” मुलगी रडवेली झाली. बाई हारासकट मंचावरून उतरल्या. “पैलवान, आमच्या नियमानं तीन फुटांवर उभं ऱ्हावा. हात न लावता पोरीचा गोल अडवा, आन् मग खुशाल न्या.” त्यांनी मुलीच्या हातात चेंडू दिला. पैलवानानं हात पसरले, मुलीला समोर दुसरं काही दिसेना. बाई एवढंच म्हणाल्या, “बापाकडं नको, रिंगकडं बघ.” चेंडू त्याच्या बोटांवरून गेला आणि अलगद जाळीतून खाली पडला. दुसराही तसाच. तिसऱ्याला तो झेपावला, पण आपणहून थबकला. “हात न लावता अडवायचं लई अवघड हाय की, बाई,” म्हणत त्यानं चेंडू उचलून मुलीच्या हातात दिला. “ऱ्हा हितंच.” पुढं मी पुष्कळ सत्कार पाहिले, पण सत्कारमूर्तीनं तिथंच आपलं काम करून दाखवलं, असा तो एकच.