बिरोबापुढं घेतलेलं जपानी नाव

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, टेकडीवर ते दिसलं तेव्हा मी सांगलीला कॉलेजात होते. हातभरसुद्धा लांब नाही, मध्ये बाटलीएवढं जाड, मागं उंदरासारखी बारीक शेपटी. ते सरपटलं नाही, उडी मारून दगडाआड गेलं. तेव्हापासून आबा मेंढरं टेकडीवर नेईनात. खाली जतच्या उन्हात चारा कधीच संपला होता. मेंढरांच्या बरगड्या दिसायला लागल्या.

"घोणसच ती, पोट भरल्याली," पारावरचे म्हणायचे. "उडी मारली म्हणं. मग गुडघं बी आसत्याल की तिला."

आमच्यात भ्यालेल्या माणसानं बिरोबापुढं जायचं, कशाला भ्यालो ते नाव घेऊन सांगायचं, कपाळाला भंडारा लावायचा आणि भीती तिथंच ठेवून यायची. आबा देवळापर्यंत जाऊन परत आले.

"साप म्हणलं तर खोटं हुतंय," ते आईला म्हणाले. "देवाला खोटं सांगू व्हय?"

मी सुट्टीला आले तेव्हा आई म्हणाली, "तू जनावरांचंच शिकतीस न्हवं? बघ की जरा."

मी प्राणिशास्त्र शिकते, पण मला काही सांगता येईना. मोबाईलवर शोधताना जपानच्या डोंगरातल्या लोककथांमधला एक प्राणी सापडला. चित्र आबांपुढं धरलं. त्यांनी मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"ह्योच. नाव काय ह्येचं?"

"त्सुचिनोको. पर आबा, ही नुसती गोष्ट हाय. आसलं जनावर कुणालाच घावलं न्हाई."

"मग मला तरी कुठं घावलंय?"

त्यांनी ते नाव माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. संध्याकाळी बिरोबापुढं हात जोडून ते म्हणाले, "सुचिनोका." आईनं पदर तोंडाला लावला. "देवाला तरी कळलं का, आवं?"

"त्येला ठावं आसंल," आबा म्हणाले.

सकाळी त्यांनी मेंढरं टेकडीवर घातली. मला राहवेना, मीही गेले. त्या दगडापाशी आबा थांबले आणि पाव्हण्याला हाक मारावी तसं ते नाव घेतलं. काहीच हललं नाही. फक्त मेंढरांनी चरायचं थांबवून एकाच बाजूला माना वळवल्या. मग पुन्हा चरू लागली.

आबा काठी आडवी टाकून निवांत बसले. मला मात्र त्या दगडाकडं पाठ करून बसवेना.